दवाखान्याचे संकेतस्थळ : जाहिरात की जबाबदारी?

आपल्या पिढीच्या डॉक्टरांनी जाहिरातीशी जाणूनबुजून अंतर राखले. दारावर नाव, पदवी, नोंदणी क्रमांक आणि वेळ लिहिलेली पाटी, एवढीच आपली प्रसिद्धी. त्यामुळे दवाखान्याचे संकेतस्थळ शोधयंत्रात वर कसे यावे, हा विषय स्मरणिकेत मांडताना काही ज्येष्ठांच्या कपाळावर आठ्या पडतील, याची मला कल्पना आहे. तरीही तो मांडतो. कारण मला हा विषय विक्रीचा वाटत नाही, रुग्णसेवेचा वाटतो.

ज्येष्ठांचा आक्षेप निराधार नाही. भारतीय वैद्यक परिषदेच्या २००२ च्या आचारसंहितेने रुग्ण मिळवण्यासाठी प्रत्यक्ष वा अप्रत्यक्ष जाहिरात करणे अनुचित ठरवले आहे. मात्र व्यवसायाचा आरंभ, पत्त्यातील बदल, तात्पुरती रजा, पुनरागमन आणि शुल्क यांची वृत्तपत्रातून औपचारिक सूचना देण्यास तिने मुभाही दिली आहे. राष्ट्रीय वैद्यक आयोगाने ऑगस्ट २०२३ मध्ये काढलेल्या नियमांत तर स्पष्टच म्हटले होते, की शोधयंत्रात आपले नाव सर्वांत वर यावे म्हणून पैसे मोजणे, ‘लाइक्स’ आणि अनुयायी विकत घेणे डॉक्टरांना शोभत नाही. ते नियम त्याच महिन्यात स्थगित झाले आणि २००२ चीच संहिता पुन्हा लागू झाली. तरी त्यामागील विचार मला मान्य आहे. विकत घेतलेला पहिला क्रमांक हा क्रमांकच नव्हे.

परंतु क्रमांक कमावणे आणि विकत घेणे यांत फरक आहे. लॅरी पेज आणि सर्गेई ब्रिन यांनी १९९८ मध्ये गूगल स्थापन केले, तेव्हा त्यांची मूळ कल्पना आपल्या ओळखीचीच होती. ज्या शोधनिबंधाचा दाखला इतर संशोधक देतात तो महत्त्वाचा, तसे ज्या पानाकडे इतर पाने बोट दाखवतात ते महत्त्वाचे. आज त्यात इतर अनेक निकषांची भर पडली आहे. आरोग्यविषयक पानांबाबत तर लेखकाचा अनुभव, तज्ज्ञता, अधिकार आणि सर्वांत मुख्य म्हणजे विश्वासार्हता पाहावी, असे गूगलने आपल्या मूल्यमापकांना सांगितले आहे. हे गुण आपल्यापाशी आहेत. ते पानावर दिसत नाहीत, एवढीच उणीव.

बडोदेकरांना हे समजणे अवघड जाऊ नये. सयाजीराव महाराजांनी १९१० मध्ये अमेरिकेतून विल्यम बॉर्डन यांना बोलावून संस्थानातील ग्रंथालयांची घडी बसवली. ग्रंथ कपाटात असून भागत नाही, तो हवा त्या वाचकाच्या हाती पडला पाहिजे, हे त्या काळी येथे ओळखले गेले. आपले संकेतस्थळ म्हणजे ग्रंथ आणि शोधयंत्र म्हणजे त्याची सूची. सूचीला जे वाचता येत नाही, ते वाचकालाही सापडत नाही.

आता आपली संकेतस्थळे त्या दृष्टीने पाहावीत. अनेकांच्या पहिल्या पानाचे शीर्षक केवळ ‘स्वागत’ असते. ते ‘बालरोगतज्ज्ञ, दांडिया बाजार, बडोदे’ असे का नसावे? आपल्या शहराला कोणी बडोदे म्हणतो, कोणी बरोडा, तर कोणी वडोदरा. मजकुरात ही नावे सहजपणे यावीत. लसीकरणाचा तक्ता छायाचित्राच्या रूपात चिकटवलेला असतो. मोबाइलवर तो वाचता येत नाही आणि शोधयंत्रालाही त्याचा अर्थ नीट लागत नाही. तोच साध्या अक्षरांत लिहावा. इमारतीची भलीमोठी छायाचित्रे पान उघडू देत नाहीत. मुख्य मजकूर अडीच सेकंदांच्या आत दिसावा, अशी गूगलची अपेक्षा आहे. तापाने फणफणलेले मूल मांडीवर घेतलेल्या आईचीही याहून वेगळी नसते. तिला दूरध्वनी क्रमांक हवा, तोही बोट लावताच लागणारा. आज दवाखाना उघडा आहे का, रात्री कोठे जावे, हे हवे. दिवाळीची सुट्टी संपून महिना लोटला तरी ‘बंद’ची सूचना तशीच राहिली, तर तो तिच्यावर अन्याय आहे.

त्यापुढील पायरी म्हणजे मजकूर. एकेका प्रश्नाला एकेक पान द्यावे. तीन महिन्यांखालील बाळाला १००.४ अंश फॅरनहाइट वा अधिक ताप आल्यास घरी वाट पाहू नये. झटका आल्यास मुलाला कुशीवर वळवावे, तोंडात काहीही घालू नये, कांदा वा चप्पल हुंगवू नये. क्षारसंजीवनीचे पाकीट एक लिटरचे आहे की २०० मिलिलिटरचे, हे वाचूनच पाणी मोजावे. या तीन वाक्यांनी होणारे काम गुळगुळीत छायाचित्रांनी होणार नाही. खाली डॉक्टरचे नाव, पदवी आणि मजकूर शेवटी कधी तपासला ती तारीख असावी. भाषा मराठी आणि गुजराती, दोन्ही असाव्यात. आपल्याकडे येणारी आजी मराठीत विचारते, पण शेजारीण गुजरातीत.

आपण हे लिहिले नाही, तर जागा रिकामी राहत नाही. साखरेची पेये वर्षानुवर्षे नावात ‘ओआरएस’ मिरवून विकली गेली. ऑक्टोबर २०२५ मध्ये अन्नसुरक्षा प्राधिकरणाने ते नाव वापरण्यास मनाई केली. हैदराबादच्या एका बालरोगतज्ज्ञ भगिनीने त्यासाठी दीर्घकाळ झुंज दिली होती. विक्रेत्यापाशी जाहिरातीचे पैसे असतात, आपल्यापाशी ज्ञान. त्यात २०२४ पासून गूगल अनेक प्रश्नांना इतरांच्या पानांवरून स्वतःच सारांश रचून देऊ लागले आहे. त्या सारांशात कोणाचे शब्द उतरावेत, याचा विचार आपण करायला नको काय?

एक पथ्य मात्र कटाक्षाने पाळावे. अभिप्राय मागून, विकत घेऊन वा नातेवाइकांकडून लिहवून घेऊ नयेत. प्रतिकूल अभिप्रायाला उत्तर देताना मुलाच्या आजाराचा एक शब्दही जाहीर करू नये. राग कितीही आला तरी गोपनीयता ही आपली शपथ आहे. महिन्याभरात पहिला क्रमांक मिळवून देतो म्हणणाऱ्या दलालास नम्रपणे निरोप द्यावा. तसे वचन कोणालाही देता येत नाही.

आपल्या मंडळास माझी एक विनंती आहे. येत्या वर्षात सभासदांनी मिळून बालकांच्या दहा नेहमीच्या तक्रारींवर मराठी आणि गुजराती मजकूर लिहावा, परस्परांकडून तपासून घ्यावा आणि मंडळाच्या संकेतस्थळावर ठेवावा. प्रत्येकाने आपल्या पानावरून त्याकडे वाट दाखवावी. कोणाही एकाची जाहिरात होणार नाही, आणि रात्री दीड वाजता मोबाइल चाळणाऱ्या आईबापांना या शहरातील जाणत्या डॉक्टरांचा शब्द सर्वांत आधी भेटेल. एवढे साधले, तर क्रमवारीत आपले नाव कितवे, याची चिंता करण्याचे कारण उरणार नाही.