तडजोडीचा भाव कोण ठरवतो?

शेअर बाजारातील दीर्घकालीन नफा 2004 ते 2018 या काळात करमुक्त होता. प्राप्तिकर कायद्यातील कलम 10(38) ची ही सवलत गुंतवणूकदारांसाठी होती. बेहिशेबी रोकड पांढरी करणाऱ्यांनीही तिचा आडोसा घेतला. नाममात्र कंपनीचे कवडीमोल शेअर घ्यायचे, वर्षभर ठेवायचे, मधल्या काळात दलालांनी भाव फुगवायचा आणि कागदी कंपनीने ते विकत घ्यायचे. आपलीच रोकड धनादेशाच्या रूपाने, करमुक्त नफा म्हणून परत येई.

कागदपत्रे चोख असल्याने अपिलीय न्यायाधिकरणात अनेक करदाते जिंकले. लहान रकमांच्या प्रकरणांत खाते पुढे अपील करत नाही, हा त्यांचा दिलासा होता. सप्टेंबर 2019 मध्ये केंद्रीय प्रत्यक्ष कर मंडळाने अशा प्रकरणांना त्या मर्यादेतून वगळले. पुढे जानेवारी 2021 मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने केवळ भावाची उसळी हा पुरावा नव्हे, असे म्हटले. जून 2022 मध्ये कलकत्ता उच्च न्यायालयाने परिस्थितिजन्य पुरावा पुरेसा मानून करदात्यांचे विजय पुसून टाकले.

मधल्या काळात 2020 ची 'विवाद से विश्वास' योजना आली. समजा, वादग्रस्त कर 30 लाख रुपये आहे. अपील खात्याचे असेल तर मुदतीत 15 लाख भरून सुटका. करदात्याचे असेल तर सहसा पूर्ण 30 लाख. व्याज व दंड दोघांनाही माफ. न्यायाधिकरणाच्या निकालावर विसंबून ज्या कोलकातावासीयाने ते 15 लाख भरले नाहीत, तो 2022 नंतर सर्वोच्च न्यायालयात गेला असेल, तर 2024 च्या योजनेत त्याला 30 लाख मोजावे लागले. दिल्लीतील त्याचा जोडीदार मात्र 15 लाखही न भरता उच्च न्यायालयात जिंकला असेल.

माझा आक्षेप सवलतीला नाही. आधीच फौजदारी खटला दाखल झालेले करदाते वगळले, हेही योग्यच. पण उरलेल्यांत भाव फुगवणारा कोण आणि दलालाच्या शब्दावर शेअर घेणारा निवृत्त शिक्षक कोण, हे योजनेने विचारलेच नाही; अपील कोणाचे, एवढेच पाहिले. (इतिहासाच्या विद्यार्थ्याला मध्ययुगीन सारामाफीची आठवण व्हावी.) वांच्छू समितीच्या शिफारशीतून 1976 मध्ये आलेला तडजोड आयोग निदान प्रत्येकाची हकिकत ऐकत असे. तो 1 फेब्रुवारी 2021 पासून बंद झाला. अर्थात किमान 10 लाखांच्या अतिरिक्त कराची अट असल्याने लहान माणसाला त्याचे दार तसेही बंदच होते. आता तसे मंडळ पुन्हा उभारायचे झाल्यास ही अट आधी काढावी आणि ज्या दलालाच्या जबाबावर कर आकारला, त्याची उलटतपासणी तिथेच होऊ द्यावी.