सात की साठ?

भाईंदर पश्चिमेला आमच्या बाल्कनीत रोज संध्याकाळी दोन माणसे बसतात. एक माझे वडील, वय ८१. कानाला यंत्र लावूनही त्यांना आता जेमतेम ऐकू येते. दुसरे शेजारचे काका, ज्यांची दृष्टी तरुणपणीच गेली. तरी निवृत्त होईपर्यंत ते रोज चर्चगेटची लोकल पकडत. दोघांच्याही हातांत मोबाइल. अण्णा व्हिडिओखाली आपोआप उमटणारी अक्षरे वाचतात, तर काकांचा मोबाइल पडद्यावरची अक्षरे त्यांना बोलून दाखवतो.

परवा अण्णा एकदम खो खो हसू लागले. पडद्यावर एक डॉक्टर सांगत होते, ‘गोळी उपाशी पोटी घेऊ नका.’ खाली उमटले, ‘गोळी उपाशी पोटी घेऊ का.’ अण्णा म्हणाले, “अरे, डॉक्टर तू, आणि विचारतोस मला?”

थोड्या वेळाने मात्र कुणी हसले नाही. गुडघेदुखीच्या गोळ्या सात दिवसांच्या वर घेऊ नयेत, असे तेच डॉक्टर म्हणाले. खाली अक्षरे आली, ‘साठ दिवस’. अण्णांनी शांतपणे मान डोलावली आणि मला म्हणाले, “बघ, दोन महिने चालतात.” काका मोबाइलचा आवाज ऐकत होतेच. त्यांनी अण्णांचा हात शोधला आणि त्यांच्यासमोर सात बोटे धरली.

तेव्हापासून माझ्या डोक्यातून हे जात नाही. पहिली चूक वेडगळ होती, म्हणून ती पकडली गेली. दुसरी शहाण्यासारखी दिसत होती. ऐकू येणाऱ्या माणसाला ती क्षणात कळते. पण त्याला त्या अक्षरांची गरजच नसते. ज्याचा सगळा भरवसा त्या अक्षरांवर, त्याला ती कळण्याचा मार्गच नाही.

अशा अक्षरांची प्रत मोजण्याची एक पद्धत आहे. बदललेले, गाळलेले आणि उगाच घुसलेले शब्द मोजायचे आणि शंभर शब्दांमागे किती ते सांगायचे. हिशेब सरळ आहे, पण त्यात ‘बरं का’मधला ‘का’ गेला तरी एक चूक आणि ‘नाही’ गेला तरी एकच चूक! आपल्या मराठीत नकार बहुधा वाक्याच्या शेपटाशी येतो, बोलणाऱ्याचा आवाज खाली जातो तिथे. यंत्राला गुण देणाऱ्यांनी याचा विचार करायला हवा.

काकांच्या यंत्राची तऱ्हा वेगळी. एन.व्ही.डी.ए. हा संगणकावरचा स्क्रीन रीडर मायकेल करन आणि जेम्स टेह या दोन अंध ऑस्ट्रेलियन तरुणांनी उभा केला. काम सुरू झाले २००६ मध्ये आणि तो फुकट मिळतो. त्याआधीचा नावाजलेला जॉज आपल्याकडच्या सामान्य माणसाच्या खिशाला परवडणारा नव्हता. हे स्क्रीन रीडर मराठी वाचतात, पण ‘चार’ आणि ‘चारा’ यांतला ‘च’ निराळा, हे प्रत्येक आवाजाला उमगतेच असे नाही. जुन्या, युनिकोड नसलेल्या फॉन्टमधला मजकूर असला की काकांच्या कानी इंग्रजी अक्षरांचा कचरा पडतो. कागदाचा फोटो काढून पाठवलेली नोटीस आली की साधा स्क्रीन रीडर गप्प. काका म्हणतात, “गप्प बसतो ते बरं. निदान मला कळतं की मला कळलेलं नाही.”

यूट्यूबवर अशी आपोआप अक्षरे २००९ मध्ये आली, तीही आधी इंग्रजीत. त्या कामात पुढे असलेले गूगलचे अभियंते केन हॅरेनस्टीन स्वतः कर्णबधिर. म्हणजे गरज ज्याची, त्यानेच हे हाती घेतले होते. आपल्याकडे २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याच्या कलम ४२ मध्ये अशा अक्षरपट्ट्यांचा स्पष्ट उल्लेख आहे. सुलभतेचे नियम नुसते शिफारशीवजा ठेवून चालणार नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर २०२४ मध्ये बजावले. एप्रिल २०२५ मध्ये तर डिजिटल सेवा वापरता येणे हा जगण्याच्या हक्काचाच भाग ठरवला. पण अक्षरे असणे आणि ती बरोबर असणे या दोन गोष्टी आहेत. जुलै २०२५ मध्ये आमच्या मीरा-भाईंदरात मराठीवरून मोर्चे निघाले. पडद्याखालच्या मराठीसाठी मात्र कुणी घोषणा दिल्याचे माझ्या कानावर नाही.

असो. दुसऱ्याला सांगण्याआधी स्वतः करून पाहावे म्हणून सोसायटीच्या सभेचा चाळीस मिनिटांचा व्हिडिओ मी घेतला. आपण चढवलेल्या व्हिडिओची अक्षरे आपल्याला दुरुस्त करता येतात. जवळजवळ तीन तास लागले. मध्ये चहा दोनदा. सेक्रेटरींचे आडनाव सहा ठिकाणी सहा तऱ्हांनी आले होते. आणि टाकी धुण्याच्या सूचनेत ‘बुधवारी पाणी येणार नाही’ यातला ‘नाही’च उडाला होता. तो परत बसवला आणि अण्णांना व्हिडिओ पाठवला.

बुधवारी पहाटे उठून पाहतो तर अण्णांनी बादल्या भरून ठेवल्या होत्या. एक काकांच्या दारातही.