‘इथंच राहा’ म्हणायला काय जातं?

गेल्या महिन्यात अंबाजोगाईला जाऊन आले. माजी विद्यार्थ्यांचा मेळावा होता. पन्नास वर्षांपूर्वीचे चेहरे ओळखायचा खेळ झाला, कुणाचे गुडघे, कुणाची साखर, सगळी चौकशी झाली आणि मग प्रमुख पाहुणे बोलायला उभे राहिले. पुढच्या रांगांत यंदा पदवी घेतलेली मुलंमुली बसवली होती. पाहुण्यांनी त्यांच्याकडे हात करून सांगितलं की आपली माती सोडू नका, शहरात जाऊन कुणाची तरी चाकरी करण्यापेक्षा इथंच राहा, शिकलेली पोरं पळून जातात म्हणून आपला भाग मागं राहिला. टाळ्या पडल्या. मीही वाजवल्या. छत्तीस वर्षं शाळेत पाहुण्यांची भाषणं ऐकली की हात आपोआप वाजतात.

पाहुणे स्वतः चाळीस वर्षांपूर्वी पुण्याला गेलेले. मुलं त्याहून पुढं, विमानाच्या अंतरावर. जेवायला थांबले नाहीत, अंधार पडायच्या आत बरंचसं अंतर कापायचं होतं म्हणे.

मला राग आला तो परतीच्या एस.टी.त. मांजरसुंबा येईपर्यंत पाहुण्यांवर होता. बीड ओलांडलं तेव्हा कळलं की तो स्वतःवरच आहे, कारण हेच भाषण मी एकदा केलेलं आहे. सभेत नव्हे, घरात. त्याबद्दल सांगतेच, पण आधी त्या ‘पळून जाण्या’चं बघू.

मी १९७३ साली बी.ए. झाले. मराठवाडा विद्यापीठ, विषय मराठी, सेकंड क्लास. ७२च्या दुष्काळातून आम्ही नुकते बाहेर येत होतो. मिलोची लाल भाकरी खाल्लेली पिढी आहे आमची. वर्गातल्या काही मुलांचे आईवडील दुष्काळी कामावर खडी फोडत होते. पदवी हातात पडली, पण तिचं गावात करायचं काय हे कुणाला सांगता येत नव्हतं. १९७४च्या सुरुवातीला मराठवाडा विकास आंदोलन झालं. मागण्यांत रोजगार होता, रेल्वेचा रुंद मार्ग होता. रेल्वेचं म्हणाल तर अंबाजोगाई शहराला ती अजून शिवलेली नाही, घाटनांदूर नाहीतर परळी गाठावी लागते. रोजगाराचं काय झालं ते पुढच्या रांगांतल्या मुलांना विचारावं.

त्या वर्षी जूनमध्ये मी बी.एड.साठी औरंगाबादला निघाले. (२०२३ पासून छत्रपती संभाजीनगर. जुन्या गोष्टी सांगताना तोंडात जुनं नाव येतं, समजून घ्या.) काका म्हणाले, मुलीच्या जातीला एवढी हौस कशाला? वडील कोर्टात कारकून, कमी बोलणारे. त्यांनी फक्त ट्रंकेला कुलूप आणून दिलं. आईनं दशम्या बांधून दिल्या. केज, बीड, गेवराई, मग शहागडला गोदावरी ओलांडायची. पुलावर बस आली की खिडकीतल्या बायका हात जोडायच्या, नाणं टाकायच्या. माझ्याजवळ टाकायला नाणं नव्हतं असं नाही, पण मी टाकलं नाही. मोजून आणलेले पैसे होते.

आता सांगा, हे पळून जाणं कसं? पळणारा माणूस घरच्यांना न सांगता, मागं न बघता जातो. मी दर महिन्याला मनिऑर्डर केली, प्रत्येक दिवाळीला घरी गेले, वडिलांच्या शेवटच्या आजारपणात चार महिने बिनपगारी रजा काढली. माझ्या ओळखीत गावाहून औरंगाबादला आलेला असा एकही माणूस नाही की ज्याच्या पगारातला वाटा गावाकडे गेला नाही. कुणाच्या पैशानं विहिरीवर मोटर बसली, कुणाच्या पैशानं बहिणीचं लग्न झालं. भाषण देणारे हा हिशेब कधी मांडत नाहीत.

बरं, अंबाजोगाई काही खेडं नव्हे. मुकुंदराज आणि दासोपंतांचं गाव, तालुक्याचं ठिकाण, आशियातलं पहिलं ग्रामीण वैद्यकीय महाविद्यालय म्हणून ज्याचा आम्ही तोऱ्यानं उल्लेख करतो ते तिथंच. कॉलेजं तर विचारू नका. आमच्या भागात पुढाऱ्यांनी शिक्षणसंस्था काढल्या त्या मुलांना बाहेर जावं लागू नये म्हणून, असं उद्घाटनाच्या प्रत्येक भाषणात असतं. झालं एवढंच की अठराव्या वर्षी जाणारी मुलं एकविसाव्या वर्षी जायला लागली. पदव्यांची सोय गावात केली, पदवीनंतरच्या पोटापाण्याची केली नाही आणि वर मुलांनाच पळपुटे म्हणायचं!

आणखी एक. ‘माती सोडू नका’ हे सांगणारा माणूस बहुधा त्या मातीत ज्याला मान आहे असा असतो. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी ४ नोव्हेंबर १९४८ला घटना समितीत खेड्यांच्या गौरवगानावर कडक टीका केली होती, आणि आपल्या लोकांनी खेड्याबाहेर पडावं असं त्यांचं सांगणंही प्रसिद्ध आहे. शिकायला ठिकाण हवं म्हणून त्यांच्याच संस्थेनं १९५० साली औरंगाबादला कॉलेज सुरू केलं, तेच पुढं मिलिंद महाविद्यालय झालं. पुस्तकात वाचलेलं हे सगळं मला खरं समजलं १९७८ साली. विद्यापीठाच्या नामांतराचा ठराव विधिमंडळात झाला आणि मराठवाड्यातल्या गावोगावी दलित वस्त्यांवर हल्ले झाले, घरं जाळली गेली. त्या पावसाळ्यात माझ्या वर्गात मध्येच नवीन मुली येऊन बसायला लागल्या. दाखला नाही, पुस्तकं नाहीत. एकीला गावाचं नाव विचारलं तर सांगेना. मी पुन्हा विचारलं, तेव्हा शेजारची म्हणाली, ‘बाई, नका विचारू.’ त्या मुलींना मातीचं महत्त्व कुठल्या तोंडानं सांगायचं होतं? आणि बाईमाणसाचंही तेच. गावात मी अमक्याची मुलगी होते, पुढं तमक्याची सून झाले असते. औरंगाबादला निदान शाळेच्या वेळात तरी मी ‘बाई’ होते, माझी स्वतःची.

आता त्या घरातल्या भाषणाबद्दल. लिहायला जड जातंय, पण ते टाळलं तर वरचं सगळं फुकाचं.

माझा भाचा, दादाचा मुलगा. बी.ए., बी.एड. २००३ साली त्याला संभाजीनगरला, तेव्हाच्या औरंगाबादला, यायचं होतं. वाळूजच्या एका कंपनीत स्टोअरमध्ये कारकुनी मिळत होती, ओळखीच्या माणसानं शब्द टाकला होता. त्याच वेळी गावाकडं एका नवीन शाळेत शिक्षकाची जागा होती. विनाअनुदानित. दादा मला म्हणाला, तूच सांग त्याला, तुझं ऐकतो. आणि मी, सरकारी नियमानं पगार घेणारी, शहरात स्वतःचा फ्लॅट असलेली त्याची आत्या, त्याला समोर बसवून म्हणाले की बी.एड. झालेल्यानं स्टोअरमध्ये नटबोल्ट मोजायचे का? शिक्षकी पेशा आहे, आईवडील थकलेत, घर आहे, आज ना उद्या शाळेला अनुदान येईलच. इथंच राहा.

तो राहिला.

ज्यांना ही भानगड माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. २००१ नंतर आपल्याकडे नव्या शाळांना ‘कायम विनाअनुदानित’ या अटीवर परवानगी मिळत होती. ‘कायम’ हा शब्द तिथं स्पष्ट लिहिलेला होता आणि मराठी शिकवणाऱ्या मला तो वाचता आला नाही. सगळ्यांप्रमाणे मीही म्हटलं, सरकार काय, बदलेल. २००९ साली तो शब्द काढला गेला, पण पैसे आले नाहीत. मूल्यांकन, तपासणी, याद्या, त्रुटी, पुन्हा तपासणी. २०१६ नंतर काही शाळांना वीस टक्क्यांपासून सुरुवात झाली, त्यात त्याची शाळा उशिरानं बसली. म्हणजे तेरा-चौदा वर्षं हा माणूस रोज इस्त्रीचा शर्ट घालून शाळेत जात होता, हजेरी घेत होता, पेपर तपासत होता, आणि महिन्याच्या शेवटी हातात काही नाही. उलट लागताना संस्थेला ‘देणगी’ द्यावी लागली ती दादाच्या फंडातून. सकाळी शिकवण्या, संध्याकाळी विम्याचे हप्ते गोळा करणं. बायको ब्लाउज शिवते. दादा गेला तेव्हा कार्याचा खर्च मी केला. भाच्यानं तो वहीत लिहून ठेवला, हे मला नंतर कळलं.

तो मला कधी एक शब्द बोलला नाही. बोलला असता तर बरं झालं असतं.

वाळूजच्या त्या कंपनीत त्याच्या जागी जो लागला तो श्रीमंत वगैरे झाला असेल असं मी म्हणत नाही. कंत्राटीकरणानं तिथंही कित्येकांची माती झाली. पण त्याला महिन्याला पगार मिळाला असता, आणि जमलं नसतं तर दुसरीकडे जाता आलं असतं. शेवटी शहराचा फायदा म्हणजे एवढाच. एक दार लागलं तर रस्त्यात दुसरं असतं. गावात एकच शाळा, एकच संस्थाचालक, आणि त्याच्याशी बिघडलं की सगळ्या गावाशी बिघडलं.

या सगळ्यात एक गंमत बघा. पुण्या-मुंबईला गेलेल्याला आपण पळपुटा म्हणत नाही, तो ‘सेट झाला’. संभाजीनगर, नांदेड, लातूर, सोलापूरला गेलेल्याबद्दल विचारलं की ‘तिकडंच कुठंतरी लागलाय’ म्हणतात. मला विचाराल तर आमच्या मुलांना निभावतात ती हीच शहरं. बोली तीच, ज्वारीची भाकरी करणारी खानावळ सापडते, आणि घरून फोन आला की रात्रीची गाडी धरून सकाळी दारात. १९७१च्या जनगणनेत औरंगाबाद दीड लाखाच्या आसपास होतं, २०११ला पावणेबारा लाखाच्या घरात गेलं. ही माणसं आकाशातून पडली नाहीत. आमच्यासारख्यांनीच हे शहर वाढवलं.

पण म्हणून या शहरानं आमचं स्वागत केलं असंही नाही, आणि माझी दुसरी तक्रार ती आहे. १९७५ साली गुलमंडीच्या मागं पंचेचाळीस रुपये भाड्याची खोली घ्यायला गेले तेव्हा मालकांनी वडिलांचं पत्र मागितलं. बी.ए., बी.एड., चाळीस मुलींची वर्गशिक्षिका, पण एकट्या बाईला खोली हवी तर वडिलांचं पत्र! आज नोकरी करणाऱ्या मुलींकडून पत्र मागत नाहीत, आडनाव विचारतात. आडनाव ऐकून ‘आत्ताच दिली हो खोली’ म्हणणारे लोक मी माझ्याच गल्लीत पाहिलेत. ज्यांना तळमळ आहे त्यांनी मेळाव्यात माती-माती करण्यापेक्षा या शहरांत तालुक्याहून आलेल्या मुलामुलींसाठी धड वसतिगृहं उभी करावीत, विद्यार्थ्यांसाठी नव्हे, नुकत्या नोकरीला लागलेल्यांसाठी. पदवी झाली की वसतिगृहातून बाहेर काढतात आणि पहिला पगार हातात यायचा असतो. मुलं कोसळतात ती नेमकी त्या दोन-तीन महिन्यांत, आणि मग ‘बघ, सांगितलं नव्हतं का’ म्हणत त्यांना गावी परत नेतात.

हे आत्ताच सुचायचं कारण असं की भाच्याची मुलगी यंदा बी.कॉम. झाली. मेळाव्यात तीही पुढच्या रांगेत होती. टॅली शिकलीय, एका सीएच्या ऑफिसात काम मिळतंय, महिना अकरा हजार. पाहुण्यांचं भाषण ऐकून तिच्या आईचा जीव घाबरा झाला. रात्री जेवताना विषय निघाला. भाचा नेहमीसारखा गप्प. मग मला म्हणाला, ‘आत्या, तुम्ही सांगा तिला काय ते.’

बावीस वर्षांनी पुन्हा तेच वाक्य. माझ्या घशात घास अडकला. मी तिला काही सांगितलं नाही, त्यालाच म्हणाले, ‘मी एकदा सांगितलंय तेवढं पुरे. तिला विचार.’ तो माझ्याकडे बघत राहिला. मग ताटाकडे बघत म्हणाला, ‘ती तर बॅग भरून बसलीय.’

येत्या रविवारी येतेय. बायकांना एस.टी.त अर्धं तिकीट झाल्यापासून तेवढी तरी सोय झाली. पहिले तीन महिने माझ्याकडेच राहणार, खोलीचं नंतर बघू, आडनाव विचारणाऱ्यांशी मी बोलेन. काल रात्री भाच्याचा फोन आला. ऑफिस किती लांब, रिक्षा मिळते का, सगळं विचारून झालं आणि मग म्हणाला, ‘आत्या, तिकडं पाणी रोज येतं का हो?’

पैठणचं धरण पन्नास-पंचावन्न किलोमीटरवर, पण खोटं कशाला बोलायचं. म्हटलं, ‘नाही रे, आठवड्यातून एकदा. दोनशे लिटरचा एक ड्रम आणखी आणून ठेवलाय.’