रक्ताचा दाखला कोणाच्या बाजूचा?



गेल्या महिन्यांत आमच्या कुरुंदवाडांत एक व्याख्यान झालें. व्याख्याते बाहेरगांवचे, पोषाख स्वच्छ, वाणी गोड, आणि हातांत पोथीच्या जागीं विज्ञानाचीं कात्रणें. त्यांचें नांव आम्ही देत नाहीं. त्यांची जातही सांगत नाहीं, कारण टाळ्या वाजविणारांत आमचे शेतकरी बंधूच अधिक होते. महाशयांच्या बोलण्याचा मथितार्थ असा कीं, तिबेटांतला माणूस १४,००० फूट उंचीवर सुखानें नांदतो आणि आपला माणूस तेथें धापा टाकतो, हा फरक रक्तांतला आहे असें आतां शास्त्रज्ञांनींच सिद्ध केलें आहे. मग ज्या जातीनें जो धंदा शेंकडों वर्षें केला, त्याची शक्ति तिच्याही रक्तांत मुरली असलीच पाहिजे. कोणाच्या रक्तांत विद्या, कोणाच्या रक्तांत नांगर, कोणाच्या रक्तांत चाक. सबब जातिभेद हा माणसानें केलेला अन्याय नसून सृष्टीचा नियम आहे!

पूर्वीं हीच गोष्ट कोणी मुखांतून निघाला, कोणी पायांतून निघाला, अशा भाषेंत सांगत असत. ती भाषा आतां खपत नाहीं, म्हणून माल तोच ठेवून पोतें बदललें आहे.

आम्ही हें हंसण्यावारी नेलें असतें. पण दुसऱ्या दिवशीं शाळा भरण्यापूर्वीं एक कुंभारदादा आमच्याकडे आले. त्यांची मुलगी सातवींत आहे, आणि अपूर्णांकांचीं उदाहरणें वर्गांत तिच्या आधीं कोणी सोडवीत नाहीं. दादा उंबऱ्याबाहेर उभे राहून म्हणाले, "गुर्जी, आमच्या रगतातच न्हाई म्हनं शिकणं. मग पोरीला उगं कशाला पुढं रेटायची? सातवी झाली की बास." एका रात्रींत एका बापाची उमेद खचली. हें उत्तर आम्ही त्या दादांसाठीं लिहीत आहों.

रक्तांत कांहींच नसतें असें आम्ही म्हणत नाहीं. तिबेटी माणसाची गोष्ट खरी आहे. पण महाशयांनीं ती अर्धीच सांगितली, आणि उरलेली अर्धी त्यांच्याच विरुद्ध साक्ष देते.

आमच्या भागांत फौजेंत कोणी नाहीं असें गांव विरळा. लडाखांतून रजेवर आलेल्या कोणाही जवानाला विचारा. लेह सुमारें ११,५०० फुटांवर आहे. तेथें उतरल्यावर पहिले कांहीं दिवस जवानाला विश्रांति घ्यावयास लावतात, मग टप्प्याटप्प्यानें वर नेतात. कारण १८,००० फुटांवर एका श्वासांत मिळणारा प्राणवायु समुद्रकांठच्या निम्माच असतो. सपाटीवरच्या माणसाचें शरीर ही तूट भरून काढण्यासाठीं रक्तांतले तांबडे कण वाढवितें. ते फार वाढले कीं रक्त काकवीसारखें दाट होतें; मग हृदयावर ताण पडतो, आणि बाई गरोदर असली तर पोटांतल्या मुलालाही धोका असतो. १९६२ च्या चीनशीं झालेल्या युद्धांत सपाटीवरून घाईनें वर नेलेल्या आपल्या कित्येक जवानांच्या फुप्फुसांत पाणी झालें, तें या विरळ हवेनेंच.

तिबेटी माणसाचें रक्त तितकें दाट होत नाहीं. २०१० सालीं शास्त्रज्ञांनीं याचें एक मोठें कारण शोधून काढलें. आईबापांकडून आपणांस शरीराचा जो बीजलेख मिळतो, त्यांतल्या एकेका कलमाला जनुक म्हणतात. ईपीएएस-१ नांवाच्या जनुकाचा एक विशेष प्रकार बहुतेक तिबेटी माणसांत आहे, आणि सपाटीवरच्या चिनी माणसांत क्वचितच आहे.

हा प्रकार त्यांच्यांत पसरला कसा? डोंगर चढून चढून बापाचें रक्त बदललें आणि तें मुलाला मिळालें, असें मुळींच नाहीं. घण मारून लोहाराचा दंड घट्ट होतो, पण त्याचें पोर जन्मतें तें इतरांच्या पोरांसारखेंच मऊ. हाताची कमाई बीजांत उतरत नाहीं. ती पुढच्या पिढीला शिकवावी लागते. तिबेटांत घडलें तें असें कीं, ज्यांच्याजवळ तें जनुक होतें त्यांचीं मुलें अधिक जगलीं, ज्यांच्याजवळ नव्हतें त्यांचीं कमी जगलीं, आणि हें हजारों वर्षें चाललें. निसर्ग निवड करतो ती अशी, जन्ममरणाच्या चाळणीनें. तेव्हां आम्ही महाशयांना विचारतों: ज्या भटजींच्या मुलाला संथा पाठ झाली नाहीं तें काय त्यामुळें दगावलें? ज्या कुंभाराच्या मुलीला हिशेब येत होता ती काय हिशेब येतो म्हणून मेली? जातीला कोणता डोंगर आडवा होता? तेथें निसर्गाची चाळणी नव्हती. माणसानें घातलेली बंदी होती.

आतां महाशयांनीं गाळलेली गोष्ट ऐका. सैबेरियांतल्या डेनिसोवा नांवाच्या गुहेंत एका मुलीच्या करंगळीच्या हाडाचा तुकडा सांपडला. त्यावरून २०१० सालीं आतां नष्ट झालेल्या एका निराळ्या मानवशाखेचा पत्ता लागला. ही जुन्या हाडांतून बीजलेख वाचण्याची विद्या ज्यांनीं उभी केली, त्या स्वांते पाबो यांना २०२२ सालीं नोबेल पारितोषिक मिळालें. २०१४ सालीं शास्त्रज्ञांनीं तिबेटी जनुक जगांतल्या इतर लोकांशीं ताडून पाहिलें. तें जुळलें डेनिसोवाच्या माणसांशीं! म्हणजे आजच्या तिबेटी लोकांच्या पूर्वजांनीं त्या परक्या मानवांशीं सोयरीक केली, आणि त्या संकरांतून हें देणें त्यांच्या घरांत आलें. महाशयांनीं शुद्धतेच्या बाजूनें जो साक्षीदार उभा केला, तो संकराची साक्ष देऊन बसला आहे. आमच्या शेतकऱ्याला याचें नवल वाटूं नये. कृष्णाकांठीं आपण जो ८६०३२ ऊंस लावतों, तोही कोइमतूरच्या केंद्रांत संकर करूनच काढलेला आहे.

आणि एकाच्या रक्ताची मदत असली म्हणजे दुसऱ्याची वाट बंद होते काय? २९ मे १९५३ रोजीं एव्हरेस्टच्या माथ्यावर दोघे उभे राहिले. एक शेर्पा तेनसिंग नोर्गे. दुसरे न्यूझीलंडचे एडमंड हिलरी, धंदा मधमाश्या पाळण्याचा. हिलरींच्या वाडवडिलांत कोणी हिमालयांत राहिलें नव्हतें. दोघांच्याही पाठीवर प्राणवायूचीं नळकांडीं होतीं, अंगांत सराव होता, आणि मधमाश्यावाल्यानें डोंगर चढूं नये असें सांगणारा कोणी तेथें बसला नव्हता.

आतां आपल्या जातींच्या रक्ताकडे वळूं. सारी मानवजात मूळची आफ्रिकेंतली. तेथून पन्नास ते सत्तर हजार वर्षांपूर्वीं बाहेर पडलेल्यांची आपण लेंकरें. या देशांत कोणी फार आधीं आले, कोणी मागून आले, आणि सर्व एकमेकांत मिसळले. २०१३ सालीं हैदराबादच्या व अमेरिकेच्या शास्त्रज्ञांनीं ७३ समाजांचे बीजलेख तपासून निष्कर्ष काढला कीं, सुमारें ४,२०० ते १,९०० वर्षांपूर्वींच्या काळांत येथें मोठी सरमिसळ चालू होती. तिच्यांतून रानांत राहणारे भिल्लही सुटले नाहींत आणि वेद म्हणणारेही सुटले नाहींत. पुढें ही सरमिसळ बंद पडली. बंगालमधील कल्याणी येथील संस्थेच्या शास्त्रज्ञांनीं २०१६ सालीं हिशेब मांडला कीं, वरच्या म्हणविणाऱ्या जातींत ही दारें सुमारें ७० पिढ्यांपूर्वीं, म्हणजे गुप्त राजांच्या काळाच्या सुमारास लागलीं. ज्याला महाशय सृष्टीचा नियम म्हणतात, तो दीड हजार वर्षांचा कुलूपबंद दरवाजा आहे! त्याच्या आधीं हजारों वर्षें आपले सर्वांचे पूर्वज एकमेकांच्या घरीं लेकी देत होते.

आमच्या गांवाजवळ पंचगंगा कृष्णेला मिळते. संगमाच्या खालीं घागर भरून महाशयांनीं आम्हांस दाखवावें कीं, हें पाणी कृष्णेचें आणि हें पंचगंगेचें. तें दाखविलें कीं त्यांचें जातीचें रक्त आम्ही मान्य करूं.

येथें आमच्या पक्षालाही दोन शब्द सांगणें प्राप्त आहे. लोकमान्य टिळकांनीं १९०३ सालीं ग्रंथ लिहून वैदिक आर्यांचें मूळ घर उत्तर ध्रुवाकडे नेलें. त्यापूर्वीं १८७३ सालीं जोतीराव फुल्यांनीं 'गुलामगिरी'त आर्यांच्या आगमनाची तीच कथा उलटी फिरवून ज्यांनीं ती मिरविली त्यांच्यावरच टाकली. आज काय दिसतें? २०१९ सालीं राखीगढीच्या एका बाईच्या सांगाड्याचा बीजलेख प्रसिद्ध झाला. त्यांत उत्तरेकडील गवताळ प्रदेशांतल्या पशुपालकांचा अंश नव्हता. लगेच कांहींजण ओरडले, "आर्य आलेच नाहींत!" पण त्याच वर्षींच्या दुसऱ्या मोठ्या संशोधनांत दिसलें कीं, सिंधु-संस्कृति ओसरल्यावर ते लोक आले, आणि त्यांचा अंश पुरोहितवर्गांत सरासरीनें कांहींसा अधिक आहे. हें वाचून आमच्यांतले कांहीं तरुण उड्या मारतात: "पहा, ते परके, आम्ही मूळचे!" बाबांनो, अंश कमीअधिक आहे, पण प्रवाह तेच त्यांच्यांत आणि तुमच्यांत आहेत. आणि आधीं आला त्याचा हक्क मोठा असें एकदां मान्य केलें, कीं तुमच्याही आधीं आलेला कातकरी दारांत उभा राहील. त्याला तुम्ही काय दिलें? आपल्यांतले शहाण्णव कुळांचा ताठा मिरवून गरीब मराठ्याची मुलगी नाकारतात, तेव्हां तेही महाशयांच्याच पंक्तीला जेवतात. जोतीरावांचा दावा रक्तावर उभा नव्हता. निर्मिकानें सर्व स्त्रीपुरुष समान निर्माण केले, यावर तो उभा होता, आणि तो कोणत्याही हाडानें खोटा पडत नाहीं.

आमचें भांडण ब्राह्मणाच्या जन्माशींही नाहीं. इरावती कर्वे १९२८ सालीं बर्लिनला गेल्या. गोऱ्यांच्या कवटींत श्रेष्ठत्वाची खूण असते असें मानणाऱ्या प्राध्यापकाच्या हाताखालीं त्यांनीं कवट्या मोजल्या, आणि तशी खूण सांपडत नाहीं असेंच प्रबंधांत लिहिलें. त्याच प्राध्यापकाची विद्या पुढें नाझींच्या कामीं आली. रक्ताच्या श्रेष्ठपणाची गोष्ट कोठवर जाते, हें जगानें तेथें पाहिलें.

दरवाजे लावून बसल्याचें फळही ऐका. फार काळ आपसांतच लग्नें केलीं म्हणजे एकच सदोष जनुक आईकडूनही येतें आणि बापाकडूनही येतें, व झांकलेला रोग उघडा होतो. आंध्रांतल्या वैश्य समाजांत शस्त्रक्रियेच्या वेळच्या एका औषधाचा अंमल लवकर न उतरणारीं माणसें इतरांपेक्षां पुष्कळ आढळतात, तें याच कारणानें. जातीच्या शुद्धतेंतून मिळालेली कमाई दवाखान्यांत अशी मोजून घ्यावी लागते.

शेवटीं एक साधा हिशेब. शाहू छत्रपतींनीं १९०१ पासून कोल्हापुरांत वसतिगृहें काढलीं, १९०२ सालीं मागासलेल्यांसाठीं नोकऱ्यांत निम्म्या जागा राखल्या, १९१७ सालीं प्राथमिक शिक्षण मोफत व सक्तीचें केलें. एका पिढीच्या आंत शेतकऱ्यांचीं, शिंप्यांचीं, महारांचीं मुलें वकील झालीं, मास्तर झालीं. बीजलेख एका पिढींत बदलत नाहीं. मग बदललें काय? बदललें तें शाळेचें दार.

कुंभारदादांना आम्हीं एवढेंच सांगितलें कीं, चाक तुम्ही बापाजवळ बसून शिकलांत. ती विद्या जन्मतांना आणली नव्हती. पोरगी अपूर्णांक तशीच शिकली आहे. आठवींत नांव घालण्यास जूनमध्यें या. दादा कांहीं बोलले नाहींत, पण पोरीला त्यांनीं त्या दिवशीं वर्गांत बसविलें. पुढच्या खेपेस महाशय व्याख्यानास आले, तर या घरांतल्या मंडळींनीं टाळ्या वाजविण्याआधीं एक प्रश्न विचारावा: तिबेटी माणसाला तें जनुक दिलें कोणीं? उत्तर द्यावयास त्यांना पुष्कळ वेळ द्यावा.