घरचं बळद

माझं एक मत आहे. ते आमच्या घरात कुणालाही मान्य नाही, म्हणून छापायला देतो आहे. मत असं, की ज्या घरात आपलं स्वतःचं काही साठवलेलं नाही, त्याला घर म्हणू नये, लॉज म्हणावं. लॉजमध्ये गादी असते, आरसा असतो, बेल मारली की चहाही येतो; पण सकाळी बारा वाजता खोली सोडावी लागते.

आमच्या उदगिरात माळवदाचे जुने वाडे आता हाताच्या बोटांवर मोजण्याइतके उरले. त्यांच्या जाडजूड भिंतींच्या पोटात बळद असायचं. वरच्या तोंडातून ज्वारी ओतायची, खालच्या भोकाचा बोळा काढला की पायलीत ज्वारी पडायची. बाजारात भाव काय चालू आहे, आडत्याचा मूड कसा आहे, याच्याशी त्या बोळ्याचा काही संबंध नसे. दोन साल पाऊस दगा देऊन गेला तरी घरातली बाई बळदावर हात ठेवून म्हणायची, "हाय की अजून!" या तीन शब्दांत जो दिलासा आहे, तो आजच्या कुठल्याही मासिक वर्गणीत नाही.

आता आजचा दिवाणखाना पाहा. भिंतभर टीव्ही. दिसायला एवढा मोठा, पण पोटात काही नाही. क्रिकेट एका कंपनीकडे, मालिका दुसरीकडे, जुने सिनेमे तिसरीकडे. आणि चौथी कंपनी मोबाईलच्या रिचार्जबरोबर फुकट आलेली, म्हणून तिच्यावर जे असेल ते बघायचं. महिन्याच्या महिन्याला चार ठिकाणी भाडं भरायचं, आणि एखाद्या संध्याकाळी सौभाग्यवतीने आवडीचा जुना चित्रपट मागितला की पडद्यावर पाटी येते, 'आपल्या भागात उपलब्ध नाही.' मला या पाटीचा राग येत नाही. आमचा भाग म्हणजे मराठवाडा. उपलब्ध नसण्याची आम्हांला पिढ्यान्‌पिढ्यांची सवय आहे. २०१६ साली लातूरला पाणीसुद्धा मिरजेहून आगगाडीने आलं. पण पाण्याच्या वेळी निदान गाडी तरी आली!

पुण्यात संगणकाच्या कंपनीत असलेला आमचा भाचा दिवाळीला आला होता. त्याच्यापुढे हे गाऱ्हाणं मांडलं तर तो हसला. म्हणाला, "मामा, साठवण्याचा जमाना गेला. आता सगळं क्लाऊडवर असतं."

क्लाऊड म्हणजे ढग. ढगावर विश्वास ठेव, असं हा मुलगा उदगीरच्या माणसाला सांगत होता! आमच्याकडे ढग येतात, काळेभोर दिसतात, गडगडतात, शेतकऱ्याला पेरायला लावतात, आणि मग कर्नाटकात निघून जातात. ढगात ठेवलेलं आपलं असतं असं मानायला माणूस एकतर पुण्याचा असावा लागतो, नाहीतर कोकणातला.

बरं, हा माझा म्हातारचळ म्हणावा, तर पुरावे माझ्या बाजूने आहेत. २००९ साली अमेरिकेत ॲमेझॉनने लोकांनी पैसे मोजून घेतलेलं एक पुस्तक त्यांच्या किंडलमधून परस्पर काढून घेतलं. विकणाऱ्याकडे हक्क नव्हते, असं कारण निघालं. पैसे परत दिले, पुढे माफीही मागितली. पुस्तक कोणतं, तर जॉर्ज ऑर्वेलचं '१९८४'! सत्ताधाऱ्यांना नको तो मजकूर नाहीसा करणाऱ्या राज्याची ती गोष्ट. विनोदी लेखक म्हणून इतकी वर्षं लिहितो आहे, पण असा योग मला जुळवता आला नसता. २०१९ साली मायक्रोसॉफ्टने आपलं ई-पुस्तकांचं दुकानच बंद केलं, आणि दुकानाबरोबर गिऱ्हाइकांच्या घरातली पुस्तकंही गेली. इथेही पैसे परत मिळाले. पण कल्पना करा, आपल्या चौकातल्या पुस्तकवाल्याने दुकान बंद केलं आणि रात्री घरी येऊन कपाटातली पुस्तकं उचलली, वर म्हणाला, "घ्या तुमचे पैसे"! आपल्याकडेही ३१ मार्च २०२३ पासून हॉटस्टारवरच्या एचबीओच्या मालिका गेल्या. मार्चअखेर! शिल्लक माल उचलायला इतका योग्य दिवस एखाद्या आडत्यालाही सुचला नसता.

शिवाय हा भिंतीवरचा पाहुणा नुसता दाखवत नाही, बघतोही. अमेरिकेत विझिओ कंपनीच्या एक कोटी दहा लाख टीव्हींनी घरातली माणसं काय बघतात याची माहिती न विचारता गोळा केली, असा तिथल्या व्यापार आयोगाचा आरोप होता. २०१७ साली कंपनीने २२ लाख डॉलर मोजून तो मिटवला. आमच्या गल्लीत हे काम पूर्वीपासून फुकट होतं. समोरच्या काकू सगळ्यांच्या घरात काय चाललंय ते बघतात. पण अडीनडीला वाटीभर साखरही देतात.

एवढं ऐकल्यावर भाचा गप्प बसला. (माझ्या लेखात तो गप्प बसतोच.) पण मुलगा गुणी. पुढच्या खेपेला येताना त्याने आपल्याकडे पडून असलेली एक हिरवी पाटी आणली. "मामा, हे घ्या तुमचं बळद."

ही पाटी म्हणजे अख्खा संगणक. आकार बँकेच्या कार्डाएवढा. नाव रास्पबेरी पाय. २९ फेब्रुवारी २०१२ रोजी हिची विक्री सुरू झाली, म्हणजे बिचारीचा वाढदिवस चार वर्षांतून एकदा येतो. केंब्रिजच्या एबन अप्टन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ती काढली, ती सिनेमे बघण्यासाठी नव्हे. विद्यापीठात संगणकशास्त्राकडे येणारी मुलं कमी झाली, आणि येत होती त्यांनाही संगणक नुसता वापरता येई, त्याला कामाला लावता येत नसे. म्हणून पोरांनी हाताळावी, बिघडवावी, पुन्हा जुळवावी अशी स्वस्त पाटी त्यांनी केली. पहिल्या पाटीची किंमत पस्तीस डॉलर होती. आयुष्यभर पाटी-पेन्सिलवर पोट भरलेल्या माझ्यासारख्या मास्तरला हा हेतू ऐकूनच ती आवडली.

नावाचा मात्र घोटाळा आहे. मी टेबलावर तारा पसरून बसलो असताना शेजारचे तात्या आले. तात्या निवृत्त तलाठी. कुठल्याही गोष्टीची नोंद घेतल्याशिवाय त्यांना चहा जात नाही.

"काय करलालाव गुरुजी?"

"पाय जोडलालो."

तात्यांनी आधी माझ्या पायांकडे पाहिलं, मग टेबलाकडे. "कुनाचा?"

"रास्पबेरीचा."

"आता ही कोण बाई?"

पाय हा शब्द इंग्रजीतल्या पायथॉन या संगणकभाषेवरून आला, हे मी समजावून सांगितलं. पायथॉन म्हणजे अजगर हे कळल्यावर तात्या खुर्ची दोन हात मागे सरकवून बसले. पुढे आठवडाभर गल्लीत बातमी होती, की गुरुजींचा पाय गरम होतो म्हणून त्याला पंखा बसवलाय.

पण खरं सांगतो, ही पाटी टीव्हीला जोडणं हे गॅसची नळी बदलण्यापेक्षा सोपं काम आहे. नखाएवढं एक कार्ड येतं. दुसऱ्या संगणकावर त्या कार्डात लिब्रेलेक नावाची प्रणाली उतरवून घ्यायची. ती फुकट मिळते. तिच्या आत कोडी नावाचा कार्यक्रम असतो. मुळात तो एक्सबॉक्स या खेळाच्या यंत्रासाठी हौशी मंडळींनी लिहिला होता. २०१४ साली त्याचं कोडी असं बारसं झालं. कार्ड पाटीत सरकवायचं, एक तार टीव्हीला, एक तार विजेला. बहुतेक टीव्हींचा स्वतःचाच रिमोट तिला चालतो, त्यामुळे घरात तिसऱ्या रिमोटवरून होणारं भांडण टळतं. चार्जर मात्र चांगला हवा. कुठल्याशा मोबाईलचा उरलेला चार्जर लावला आणि वीज कमी पडली, की पडद्याच्या कोपऱ्यात पिवळी वीज चमकते. सिनेमे ठेवायची मोठी डिस्क असेल तर तिला तिची स्वतंत्र वीज द्यावी. लहान्या पाटीच्या जिवावर तिला पोसू नये. आणि आमच्याकडची वीज ही जावयासारखी, कधी येईल, कधी जाईल, विचारायची सोय नाही. कार्डावर लिहिणं चालू असताना ती गेली तर कार्ड खराब होऊ शकतं, म्हणून पाटी इन्व्हर्टरवर घ्यावी. ती खाते चार-पाच वॅट. आमच्या देवघरातला जुना झीरोचा बल्ब याहून जास्त खात होता.

हे सगळं झालं, टीव्ही लावला, आणि पडद्यावर काय आलं? काही नाही. कोडी रिकामं येतं. सिनेमे नाहीत, गाणी नाहीत. तात्या म्हणाले, "ह्येच्यात तर कायीच नाही की!"

अहो, नवीन बळदात ज्वारी नसते. ती आपण भरायची असते. आणि इथेच माझं खरं भांडण सुरू होतं.

कारण भरायचं काय, हा प्रश्न आला की लोकांना फक्त सिनेमे आठवतात, तेही चोरीचे. मी चोरीच्या मालाचा पुरस्कर्ता नाही. बळद आपल्या शेतातल्या ज्वारीसाठी असतं, दुसऱ्याच्या खळ्यावरच्या नव्हे. पण आपल्या शेतात काय पिकलं होतं, हेच आपण विसरलो आहोत. २२ ते २४ एप्रिल २०२२ या तीन दिवसांत आमच्या उदगिरात पंचाण्णवावं अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन झालं. भारत सासणे अध्यक्ष होते. गावात संमेलन येणं ही काय रोजची गोष्ट आहे? ज्याच्या त्याच्या हातात मोबाईल होता, आणि जो तो चित्रण करत होता. तात्यांनी आपल्या नातीचं केलं, नऊवारी नेसून, डोक्यावर ग्रंथ घेऊन चाललेलं. ते आता कुठे आहे? फोनची जागा भरली, तेव्हा ते पुसलं गेलं. आणि जागा कशाने भरली? सूर्य, गुलाब आणि 'शुभ प्रभात'ने.

माझ्याकडे १९८४ सालची एक कॅसेट आहे. साठ मिनिटांची. एका बाजूला माझी आई जात्यावरच्या ओव्या म्हणते. मध्येच कोंबडा आरवतो, मध्येच ती थांबून म्हणते, "बंद कर की रं ते, सेल उतरतील." दुसऱ्या बाजूला वडील निजामाच्या राज्यातल्या शाळेची हकिकत सांगतात, बोलतात मराठीत, आकडे आले की उर्दूत शिरतात, आणि शिवी द्यायची झाली की कानडीत. हे उदगीरचं बोलणं आहे. हे बोलणारी माणसं एकेक करून जाताहेत, आणि हे बोलणं कुठल्याही कंपनीच्या गोदामात नाही. महिन्याला हजार रुपये भरायला मी तयार झालो, तरी माझ्या आईचा आवाज मला कोण भाड्याने देणार?

हेमा राईरकर आणि गी पॉइटवॅं यांनी खेडोपाडी हिंडून बायकांच्या एक लाखाहून जास्त ओव्या गोळा केल्या. केवढं काम! पण त्यांना काही प्रत्येक दारात जाता येणार नव्हतं. आमच्या दारात ते काम मला करायचं होतं. बुरशी आलेली फीत पुसली, सैल पडलेली पेन्सिलीने गुंडाळली, टेपच्या हेडफोनच्या भोकातून तार काढून लॅपटॉपला जोडली आणि ऐकत बसलो. साठ मिनिटांची कॅसेट उतरवायला साठ मिनिटंच लागतात. त्यात घाई चालत नाही, आणि ती करावीशीही वाटत नाही.

भाच्याचा शेवटचा मुद्दा असा, की मामा, डिस्कही मरते. मरते ना! बळदालाही घूस लागायची. म्हणून एकाच बळदावर कुणी विसंबत नसे. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारी भागात जी घरं कोसळली, त्यांतल्या पेट्या आणि पेट्यांतले फोटोही त्याच मातीत गेले. आपल्या जिल्ह्यातल्या माणसाला तरी हे वेगळं सांगायला नको. म्हणून दुसरी प्रत दुसऱ्या गावी ठेवावी. माझी लातूरला धाकट्या भावाकडे आहे. ढगातही एक ठेवायची तर खुशाल ठेवा. पण ती तिसरी असावी, पहिली नव्हे.

आणि मोठ्या संस्था सगळं जपून ठेवतातच, या भ्रमातही राहू नका. खुद्द बीबीसीने 'डॉक्टर हू' या मालिकेच्या १९६० च्या दशकातल्या कितीतरी भागांच्या चित्रफिती पुसून टाकल्या. तरी त्या हरवलेल्या प्रत्येक भागाचा आवाज आज शिल्लक आहे. का? तर घरोघरच्या प्रेक्षकांनी टीव्हीसमोर टेपरेकॉर्डर लावून तो भरून ठेवला होता. संस्थेने पुसलं आणि घरांनी राखलं!

माझा आग्रह याच पाटीचा नाही. जुना संगणक असेल तर तो चालेल. आग्रह एवढाच, की घराच्या एका कोपऱ्यात आपलं, आपल्याला उघडता येणारं, कुणाला भाडं न भरता चालणारं काहीतरी असावं. कंपनीचा माल कंपनी सांभाळील किंवा विकून टाकील, तो तिचा धंदा आहे. आपल्या आईचा आवाज सांभाळणं हा कुणाचाच धंदा नाही. म्हणून ते काम आपल्याकडे आलेलं आहे, आणि कॅसेटवरची बुरशी काही आपल्या सवडीची वाट पाहत नाही.