चिठ्ठीवरील यूष

मार्गशीर्ष लागला की अकोल्याच्या जुन्या शहरात संध्याकाळी मोर्णेच्या बाजूने गार वारा येऊ लागतो आणि गल्लीगल्लीतून फोडणीचा वास सुटतो. एका घरी तुरीच्या ओल्या सोल्यांची आमटी रटरटत असते, दुसऱ्या घरी पाटवडीचा रस्सा, तिसऱ्या घरी फुणके आणि कढी. मोहल्ल्यांतून पहाटे पायाचा शोरवा तयार असतो. वैशाखात ज्या वऱ्हाडात पारा 45 अंशांपुढे जातो, त्याच वऱ्हाडात पौषातील रात्र शेकोटीवाचून काढवत नाही. अशा दिवसांत उष्ण व द्रव पदार्थाकडे माणसाचा ओढा सहजच असतो. तो त्याला कोणत्याही वैद्याने शिकविलेला नाही.

याच दिवसांत आपल्या चिकित्सालयांत काय घडते, त्याचा विचार व्हावा म्हणून हा लेख लिहीत आहे. कास, प्रतिश्याय, संधिशूल आणि ज्वरोत्तर दौर्बल्य यांच्या रुग्णांनी बाके भरलेली असतात. आपण तीन कल्प लिहितो, एखादा अवलेह लिहितो, अनुपान लिहितो आणि चिठ्ठीच्या तळाशी दोन शब्द लिहून मोकळे होतो : ‘हलका आहार’. औषधाची मात्रा ग्रॅममध्ये आणि पथ्य मात्र दोन शब्दांत! हे दोन शब्द रुग्णाच्या घरी गेल्यावर त्यांचा काय अर्थ लावला जातो, याची चौकशी आपण क्वचितच करतो.

मी स्वतः ती केली नव्हती. काही वर्षांपूर्वी याच ऋतूत सत्तरीच्या एक आजी दीर्घ ज्वरातून उठल्यानंतर माझ्याकडे आल्या होत्या. आवश्यक त्या तपासण्या झालेल्या होत्या, ज्वर गेलेला होता, उरले होते ते दौर्बल्य आणि अरुची. मी पाचन दिले, पुढे बल्य कल्प दिला आणि सवयीप्रमाणे तळाशी ते दोन शब्द लिहिले. पंधरा दिवसांनी आजी आल्या त्या अधिकच खंगलेल्या. आहाराची विचारपूस केली तेव्हा कळले की दोन वेळा चहा-बिस्कीट आणि संध्याकाळी पाकिटातील भुकटीचे सूप, एवढ्यावर त्या होत्या. मी काहीशा त्राग्याने सुनेला विचारले. ती म्हणाली, “डॉक्टरसायेब, तुमीनंच त हलकं खाऊ घाला म्हनलं होतं.” तिचे काहीच चुकले नव्हते. बिस्कीट हातात धरून पाहिले तर हलकेच असते. चूक माझ्या चिठ्ठीत होती.

त्या दिवशी मी चिठ्ठीच्या मागील कोऱ्या बाजूस मुगाचे यूष कृतीसह लिहून दिले. सकाळी ज्वारीच्या पातळ कण्या, दुपारी व संध्याकाळी यूष, चार दिवसांनी त्यात तूप-जिऱ्याची फोडणी, पुढे मऊ भात, असा क्रम सांगितला. तीन आठवड्यांत आजी आपल्या पायांनी पायऱ्या चढून आल्या. हे केवळ यूषामुळे झाले असा माझा दावा नाही, कारण ज्वरातून उठलेला माणूस काळानेही सावरतो. परंतु आधीचे पंधरा दिवस माझ्या दोन शब्दांमुळे वाया गेले, एवढे मात्र मी निश्चित म्हणू शकतो.

वास्तविक या विषयात आपले शास्त्र मुळीच मोघम नाही. चरकाच्या सूत्रस्थानातील अन्नपानविधी अध्यायात आहारद्रव्यांचे बारा वर्ग सांगितले असून त्यांतील अकरावा कृतान्नवर्ग, म्हणजे शिजवून सिद्ध केलेल्या अन्नाचा, आहे. त्याच स्थानाच्या दुसऱ्या अध्यायात अठ्ठावीस यवागू आलेल्या आहेत आणि प्रत्येकीचे प्रयोजन वेगळे आहे. ज्वरचिकित्सेत मूग, मसूर, हरभरा, कुळीथ व मटकी यांची यूषे पथ्य म्हणून सांगितली आहेत. शार्ङ्गधराने तर मध्यमखंडात क्वाथाच्या अध्यायातच यूषाला स्थान देऊन प्रमाण निश्चित केले : द्रव्य एक पल, सुंठ-पिंपळी अर्धा कर्ष, पाणी एक प्रस्थ. आजच्या मानाने पल सुमारे 48 ग्रॅम आणि प्रस्थ सुमारे 768 मिलिलिटर धरतात. म्हणजे मूठभर डाळीला पाऊण लिटर पाणी, सोळापट. ज्याने औषधाच्या काढ्याचे प्रमाण सांगितले त्याच हाताने त्याने कढणाचेही प्रमाण सांगितले, हे आपण पदवी परीक्षेपुरते पाठ करतो आणि चिकित्सालयाच्या उंबरठ्यावर विसरून जातो.

येथे एका नित्याच्या चुकीचा उल्लेख करणे आवश्यक आहे. अनेक घरांत कढण म्हणून वरणाच्या पातेल्यातील वरचे पाणी वाटीत काढून रुग्णास देतात. तो मंडासारखा पातळ निथळ होय, त्यात डाळीचा अंश नाममात्र असतो. यूषात डाळ पूर्ण शिजून पाण्यात मिसळलेली असावी लागते. ती घोटून गाळावी आणि फक्त टरफल टाकावे. ‘कढण द्या’ असे तोंडी सांगून भागत नाही, ते एवढ्याचसाठी.

दुसरी चूक आपली, वैद्यांची आहे. ‘हिवाळ्यात अग्नी प्रबल असतो, म्हणून पौष्टिक खा,’ असा सरसकट उपदेश आपण करतो. हेमंतात बाह्य शीतामुळे अग्नी कोष्ठात कोंडून प्रदीप्त होतो आणि त्यास पुरेसे इंधन न मिळाल्यास तो रसधातूलाच पचवू लागतो, हे ऋतुचर्येतील वचन सत्य आहे. पण ते बलवान, स्वस्थ पुरुषाविषयी आहे. तुरीच्या शेतात दिवसभर राबून आलेल्या माणसाने खसखस-खोबऱ्याच्या वाटणाचा, तर्री आलेला पाटवडीचा रस्सा भाकरीशी चुरून खाल्ला तर त्याला तो पचतो आणि लाभतो. त्याच घरात ज्वरातून उठलेल्या त्याच्या वडिलांना तोच रस्सा वाढला तर पुन्हा आमोत्पत्ती होण्यास वेळ लागत नाही. ऋतू दोघांचा एकच, अग्नी दोघांचा भिन्न. संसर्जनक्रमात पेया, विलेपी, अकृत यूष, कृत यूष आणि शेवटी मांसरस अशी जी शिडी आचार्यांनी लावून दिली आहे, ती केवळ वमन-विरेचनानंतर चढायची नसून प्रत्येक क्षीणाग्नी रुग्णास उपयोगी पडणारी आहे. रुग्ण आज कोणत्या पायरीवर उभा आहे, हे ठरविणे वैद्याचे काम आहे. ते ना स्वयंपाकघर ठरवू शकते, ना पाकिटावरील मजकूर.

ही शिडी आपल्याच प्रदेशातील अन्नाने बांधता येते. पेया-विलेपीच्या जागी ज्वारीच्या कण्या येतात. सोयाबीनने वऱ्हाडातील ज्वारीचे क्षेत्र फार आकसवले, त्यामुळे कण्या ताटातून मागे पडल्या, तरी ज्वारी दुकानात मिळते आणि आजीला कृती ठाऊक असते. मीठ-स्नेहाविना मुगाचे कढण हे अकृत यूष. त्यालाच तूप, जिरे, सैंधव व सुंठ घातली की ते कृत यूष होते. वातकफाच्या कासात कुळथाचे कढण उत्तम. मात्र कुळीथ उष्ण आणि रक्तपित्त वाढविणारा असल्याने अम्लपित्त, रक्तस्रावी अर्श किंवा नाकातून रक्त जाण्याची प्रवृत्ती असणाऱ्यास देऊ नये. कुळीथ, जव, बोर, मूग, मुळा, सुंठ व धने यांचा सप्तमुष्टिक यूष तर जणू हिवाळ्यातील कफवाताच्या रुग्णांसाठीच योजलेला आहे. जे मांसाहार करतात त्यांना बोकडाच्या मांसाचा पातळ, गाळलेला, तिखट-तेलाविना रस सांगण्यात आपण अकारण संकोच करतो. ग्रंथांनी तो संकोच केलेला नाही. पायाचा शोरवा पिणारा रुग्ण समोर असता त्याला केवळ ‘मांसाहार बंद’ सांगणे सोपे आहे. त्यातील मसाला व चरबी कमी करून तोच रस पथ्यात कसा बसवावा हे सांगण्यास थोडा वेळ लागतो, आणि तो वेळ देणे हीच चिकित्सा होय.

उष्ण रसाचे महत्त्व अन्य देशांतील वैद्यांनीही जाणले होते. बाराव्या शतकातील ज्यू वैद्य मैमोनिडीस यांनी कोंबडीचा रस रुग्णांस सांगितला होता. सन 2000 मध्ये अमेरिकेतील नेब्रास्का विद्यापीठाचे डॉ. स्टीफन रेनार्ड आणि सहकाऱ्यांनी अशा रसाचा रक्तातील न्यूट्रोफिल या श्वेतकणांच्या हालचालीवर मंद करणारा परिणाम होतो, असे निरीक्षण प्रसिद्ध केले. ते प्रयोगशाळेतील होते, रुग्णांवरील नव्हते. असे एखादे निरीक्षण हाती लागले की ‘सिद्ध झाले’ म्हणून घोषणा करण्याची सवय आपल्या व्यवसायाला जडली आहे, ती सोडली पाहिजे. यूष हे अन्न आहे. श्वासाच्या वेगात, फुप्फुसशोथात किंवा पाच दिवसांहून अधिक चाललेल्या ज्वरात तपासणी व योग्य औषधोपचार लांबणीवर टाकून यूषावर भिस्त ठेवणे हा अपराधच ठरेल. वृक्कविकाराच्या रुग्णास डाळ व मांसरसाचे प्रमाण त्याच्या तपासण्या पाहूनच ठरवावे. रक्तदाब असणाऱ्यास मीठ मोजून सांगावे. प्रौढाने दिवसभरात 5 ग्रॅमपेक्षा कमी मीठ खावे असे जागतिक आरोग्य संघटना सांगते.

मिठाचा विषय निघाला म्हणून पाकिटातील सुपाविषयी. कोणत्याही उत्पादनाचे नाव घेण्याचे कारण नाही. वेष्टनावर घटक त्यांच्या प्रमाणाच्या उतरत्या क्रमाने छापणे बंधनकारक आहे. वैद्यबंधूंनी एखादे पाकीट हाती घेऊन ती यादी रुग्णासमोरच मोठ्याने वाचावी. पहिल्या तीन-चार नावांत मक्याचे पीठ, साखर व मीठ आले आणि भाजी शेवटाकडे आली, तर अधिक काही बोलण्याची आवश्यकता उरत नाही.

आता औषधालये व फार्मसी चालविणाऱ्या बांधवांचा रास्त प्रश्न : वैद्याने मुगाचे कढण लिहिले तर आम्ही विकावे काय? माझे उत्तर असे की यूषाला लागणारी द्रव्येच विकावीत. कीड न लागलेली पिंपळी, तंतुरहित चांगली सुंठ, निवडलेला कुळीथ, जव, वाळलेली बोरे ही द्रव्ये एकत्र व शुद्ध मिळणे आज रुग्णास दुरापास्त झाले आहे. सप्तमुष्टिकाची द्रव्ये एका वेळेच्या प्रमाणात बांधून, वर कृती व तारीख छापून ठेवता येतील. मात्र ते अन्न म्हणून विकायचे असल्याने अन्नसुरक्षेचा परवाना घेऊन आणि रोगनाशाचा कोणताही दावा न करता. आयुर्वेद आहाराविषयी 2022 मध्ये स्वतंत्र नियमावली झाली असून ग्रंथोक्त कृतींना तीत स्थान आहे. तीत औषधांचा समावेश होत नाही, तसेच दोन वर्षांखालील बालकांचे अन्नही तीत येत नाही. ती नियमावली प्रत्येकाने वाचावी. अन्नाला औषधाचे रूप देऊन दाम वाढविण्याचा मोह होईल. तो आवरला नाही तर पाकिटातील भुकटी आणि आपले यूष यांत ग्राहकाने भेद का करावा?

काही बंधू म्हणतात, मुगाचे पाणी लिहून दिले तर रुग्ण शुल्क का देईल? अनुभव याच्या उलट आहे. रुग्ण शुल्क देतो ते निर्णयासाठी : कोणते यूष, किती, केव्हा, किती दिवस आणि कोणी घेऊ नये. हे लिहून मिळाले तर घरातील बाई ते कागद जपून ठेवते आणि पुढच्या हिवाळ्यात तोच घेऊन येते. ‘हलका आहार’ लिहिलेली चिठ्ठी कोणी जपून ठेवत नाही.

म्हणून एक छोटीशी विनंती आहे. येत्या ऋतूत प्रत्येकाने चिठ्ठीवर पथ्यासाठी दोन शब्दांऐवजी चार ओळी राखून ठेवाव्यात. द्रव्य, पाण्याचे प्रमाण, वेळ आणि पुढची पायरी, एवढेच लिहावे. चुलीवर वा कुकरमध्ये ते शिजविणारी माऊली आपल्या शास्त्राची खरी परिचारिका आहे. तिला उपचारातील आपला भाग स्पष्ट अक्षरांत कळला पाहिजे. मूठभर मूग, पाऊण लिटर पाणी आणि चिमूटभर सुंठ, इतके तर जुन्या शहरातील कोणत्याही घरात असते. नसते ती केवळ आपली ओळ.