मालकी गेली, भाडे उरले

२०२५ च्या जुलै महिन्यात वाडीनारच्या तेलशुद्धीकरण कारखान्याची मालक असलेल्या नायरा एनर्जी कंपनीला आपलाच पत्रव्यवहार व आपलीच कागदपत्रे उघडता येईनाशी झाली. परवान्याचे पैसे पूर्ण भरलेले होते, असे कंपनीचे म्हणणे होते. परंतु रशियाच्या रोसनेफ्टचा तिच्यात ४९ टक्क्यांहून अधिक हिस्सा असल्याने युरोपीय संघाने तिच्यावर निर्बंध लादले, आणि मायक्रोसॉफ्टने सेवा थांबविली. निर्बंध भारताने घातलेले नव्हते. कुलूप मात्र भारतातील कचेरीला लागले.

कचेरीचे सॉफ्टवेअर विकत घेऊन स्वतःच्या यंत्रांवर ठेवावे, की क्लाउडमधून म्हणजे दुसऱ्याच्या यंत्रशाळेतून भाड्याने घ्यावे, हा वाद बड्या उद्योगांत सुमारे वीस वर्षे चालू आहे. २००७ साली गूगलने दरमाणशी दरसाल ५० डॉलरांत ही सोय देऊ केली, तेव्हा मायक्रोसॉफ्टची मक्तेदारी मोडणार म्हणून मुक्त स्पर्धेच्या भाटांनी आनंद व्यक्त केला. मायक्रोसॉफ्टने २०११ मध्ये ऑफिस ३६५ आणून प्रतिस्पर्ध्याचीच भाडेपद्धती उचलली. पुढे मार्च २०२२ पासून तिच्या बड्या ग्राहकांसाठीच्या एका प्रमुख योजनेचा मासिक दर २० वरून २३ डॉलरांवर गेला. एकरकमी परवाना आजही मिळतो. पण त्याच्या नव्या आवृत्तीस कंपनीचा आधार पाचच वर्षे.

उद्योगांनी हे भाडे मूर्खपणाने पत्करले, असे म्हणणे अन्यायाचे होईल. यंत्रांची खोली, तिची वीज, थंडावा आणि देखभाल यांचा भार उतरतो. एकच तक्ता पुणे आणि चेन्नई येथील माणसे एकाच वेळी दुरुस्त करू शकतात. शिवाय भांडवली खर्चाचा महसुली खर्च झाला की हिशेबनीसही खूष! परंतु दरवर्षी डॉलरांत ठरणाऱ्या या खंडाच्या बदल्यात कुळाच्या हाती काय उरते, हा प्रश्न संचालक मंडळात फारसा विचारला जात नाही.

भाड्याचा हा धंदा भारताला नवा नाही. आयबीएम येथे आपली जुनी १४०१ यंत्रे भाड्यानेच देत असे. जनता राजवटीत जॉर्ज फर्नांडिस उद्योगमंत्री असताना, परकीय चलन नियमन कायद्यानुसार परकीय भागभांडवल ४० टक्क्यांवर आणण्यास नकार देऊन ती कंपनी १९७८ साली निघून गेली. पण यंत्रे येथेच राहिली आणि त्यांची देखभाल सीएमसी या सरकारी कंपनीने सांभाळली. क्लाउडचा मालक उठून गेला, तर सांभाळायला मागे यंत्रही उरणार नाही.

केंद्र सरकारने सुमारे १२ लाख कर्मचाऱ्यांची टपालव्यवस्था झोहो या भारतीय कंपनीकडे सोपविली, हे पाऊल स्वागतार्ह आहे. मात्र घरमालक स्वदेशी झाला म्हणून कूळ मालक होत नाही. बँका, तेलकंपन्या आणि वीजमंडळे यांच्या प्रत्येक करारात तीन अटी सक्तीच्या हव्यात: कागदपत्रांची चालू प्रत स्वतःच्या ताब्यात, ती कोणत्याही सॉफ्टवेअरमध्ये उघडेल अशा खुल्या स्वरूपात, आणि भारतीय न्यायालयाच्या आदेशावाचून सेवा न तोडण्याची हमी. शेवटच्या अटीला परकीय कंपन्या कडाडून विरोध करतील, आणि म्हणूनच ती संसदेने घालावयास हवी.

नायरा दिल्ली उच्च न्यायालयात गेली, काही दिवसांत सेवा पूर्ववत झाली आणि दावा मागे घेण्यात आला. परदेशातील आदेशावरून भारतीय कंपनीची कचेरी बंद करता येते काय, याचा निवाडा त्यामुळे झालाच नाही.